प्रश्न विचारणाऱ्याचं नाव नाही

दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकानं लागतात. बाबासाहेबांचे जाडजूड खंड पिशवीत घालून लोक गावी परततात. त्या गर्दीतून फिरताना मला हमखास एक खटला आठवतो.

मुंबई, १९३४. आरोपी रघुनाथ धोंडो कर्वे, वकील डॉ. आंबेडकर. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक आपल्या शरीराविषयीचे प्रश्न पाठवत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, काहीच वर्ज्य नव्हतं. सरकारला ही उत्तरं अश्लील वाटली. लैंगिक विषयावर लिहिणं म्हणजे अश्लीलता नव्हे, असं बाबासाहेबांनी मांडलं. लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी विचारलं, की अशी ओढ कुणात जन्मजातच असेल, तर त्यात गैर काय? ३७७ कलम तेव्हा अशा संबंधांना गुन्हा ठरवत होतं, हे लक्षात घेतलं की अंगावर काटा येतो! खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला, तरी मासिक चालूच राहिलं.

१४ ऑक्टोबर १९५३ला कर्वे गेले. बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली.

१९५३च्याच जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये समलिंगी लोकांनी ‘वन’ नावाचं मासिक काढलं. पोस्टानं तेही अश्लील म्हणून अडवलं. पण १९५८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मासिकाच्या बाजूनं निकाल दिला. आज त्याचा संग्रह लॉस एंजेलिसमधल्याच एका विद्यापीठात जपलेला आहे. आपल्याकडे समलिंगींचं स्वतःचं ‘बॉम्बे दोस्त’ यायला १९९० उजाडलं. अशोक राव कवींनी ते सुरू केलं.

अशा नियतकालिकांचे जुने अंक चाळताना मी अग्रलेखापाशी फार थांबत नाही. माझी नजर वाचकांच्या पत्रांकडे जाते. १९३०च्या दशकात मराठी मुलखात पुरुषावर प्रेम करणारा पुरुष होता, याची नोंद ना वंशावळीत सापडते, ना लग्नपत्रिकेत. ती सापडते मासिकाच्या एखाद्या कोपऱ्यात, चार ओळींच्या प्रश्नात. तो कुठल्या गावचा, काय करायचा, पुढे त्याचं काय झालं, काही कळत नाही. एवढंच कळतं, की त्यानं पत्र लिहिलं, पोस्टात टाकलं आणि पुढच्या महिन्याच्या अंकाची वाट पाहिली.