शुगरची गोळी आणि रिकामं पोट

आमच्या अड्याळात रोवणीच्या दिवसांत लोक सकाळीच बांधीत उतरतात. शुगरची गोळी घेतलेली असते, जेवण मात्र लांबतं. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो, गोळी कोणती?

मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते; एकटीच घेतली तर शुगर सहसा फार उतरत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोट रिकामं असलं तरी. बऱ्याच गोळ्यांत ही दोन्ही औषधं एकत्र असतात, तेव्हा पाकिटावरची नावं वाचाच.

घाम, थरथर, चक्कर आली तर शुगर ७० च्या खाली गेलेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. उपवास किंवा रोवणीआधी डॉक्टरांना डोस विचारून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.