तलवारीची राणी कोण? टॅरोचे पत्ते, बाईच्या नजरेतून

बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं… काय म्हणतात ते' गाळलेत.

विषय आहे टॅरो. रात्री अकरानंतर रील्स बघत पडलात की एक तरी येतंच: "हे रील तुमच्यापर्यंत पोचलं म्हणजे हा मेसेज तुमच्यासाठीच आहे. तीनपैकी एक पत्ता निवडा." खाली कॉमेंट्स वाचा. तो परत येईल का? घरचे तयार होतील का? लग्न कधी ठरेल? विचारणाऱ्यांत मुली जास्त दिसतात, आणि प्रश्नांत 'मी काय करू' हे क्वचितच असतं. 'माझं काय होणार' हेच असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पत्त्यांना भविष्य कळत नाही. मग अख्खा एपिसोड कशाला? तर पत्त्यावरचं चित्र आपल्याला बोलतं करतं. आणि आपण काय बोलणार, हे ते चित्र कुणी काढलं आणि त्याचा अर्थ कुणी लिहिला यावर बरंच अवलंबून असतं. आजची सगळी गोष्ट याच एका मुद्द्याची आहे.

पेटीत काय असतं?

आपल्या नेहमीच्या कॅटमध्ये ५२ पत्ते. टॅरोत ७८. त्यातले ५६ आपल्या ओळखीचेच म्हणा. चार प्रकार, प्रत्येकात एक्का ते दश्शी असे दहा, आणि वर चार माणसं: राजा, राणी, घोडेस्वार आणि सेवक. प्रकारांची नावं वेगळी आहेत. पेले म्हणजे आपले बदाम, नाणी म्हणजे चौकट, तलवारी म्हणजे इस्पिक आणि काठ्या म्हणजे किलवर. वाचताना साधारण असं धरतात: पेले म्हणजे भावना आणि नाती, नाणी म्हणजे पैसा, काम, शरीर, तलवारी म्हणजे विचार आणि संघर्ष, काठ्या म्हणजे ऊर्जा, धडपड.

उरलेले २२ पत्ते म्हणजे 'मेजर आर्काना'. मृत्यू, सूर्य, चंद्र, सम्राज्ञी, संन्यासी वगैरे. रील्समध्ये घाबरवायला वापरतात ते बहुतेक यातलेच.

मुळात हा खेळ होता

टॅरो प्राचीन इजिप्तहून आलं असं तुम्ही ऐकलं असेल. तसं नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाले, आणि ते चक्क खेळायला होते. भविष्याशी संबंध नव्हता. इजिप्तची कथा १७८१ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ नावाच्या लेखकाने छापली. गंमत म्हणजे तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताच येत नव्हती. ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे फॉरवर्डेड मेसेज हा प्रकार व्हॉट्सॲपपेक्षा बराच जुना आहे.

अजून एक गोष्ट. मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यासाठी बनवलेला पंधराव्या शतकातला एक संच आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यात पुरुष घोडेस्वारांच्या जोडीला स्त्री घोडेस्वार आहेत, आणि सेवकांतही बायका आहेत. पुढे जो साचा रूढ झाला त्यात हे पत्ते राहिले नाहीत. चार राण्या तेवढ्या उरल्या.

जिचं नाव पेटीवर नव्हतं

आज इंटरनेटवर तुम्हाला दिसणारी टॅरोची बहुतेक चित्रं एका बाईने काढलेली आहेत किंवा तिच्या चित्रांवरून बेतलेली आहेत. तिचं नाव पामेला कोलमन स्मिथ. जन्म १८७८, लंडन. बालपणाचा काही काळ जमैकात गेला, कलाशिक्षण न्यूयॉर्कमध्ये झालं. जमैकातल्या लोककथा तिने पुस्तकरूपात आणल्या. इंग्लंडमध्ये बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीसाठीही तिने चित्रं काढली.

१९०९ मध्ये आर्थर वेट या लेखकाने तिच्याकडून हा संच करून घेतला. ७८ चित्रं, काही महिन्यांत. त्याआधीच्या बहुतेक संचांत 'तलवारी आठ' म्हणजे नुसत्या आठ तलवारी असायच्या, आपल्या इस्पिक अठ्ठीसारख्या. पामेलाने अशा जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर माणसं आणली, प्रसंग आणला. म्हणून तर कुणीही बघून काहीतरी बोलू शकतं. मोबदला मात्र अगदीच थोडा मिळाला. तिनेच एका पत्रात तसं लिहून ठेवलंय. संच 'रायडर-वेट' या नावाने जगभर गेला. रायडर हा प्रकाशक, वेट हा लेखक. चित्रकार गायब! १९५१ मध्ये ती गेली तेव्हा हाती पैसा नव्हता. आता लोक 'रायडर-वेट-स्मिथ' म्हणायला लागलेत. पण पत्ते झूम करून कोपऱ्यात बघा. तिची सही तिथे पहिल्यापासून आहे.

आता वाचायचं कसं?

एकच पत्ता घेऊ. तलवारी आठ. चित्र असं: एक बाई उभी आहे. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोर, आजूबाजूला जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी. मागे उंचावर किल्ला. पाय मात्र मोकळे आहेत.

जुनी रीत म्हणते, संकट, वाईट बातमी, अडकाल. झालं, विषय संपला.

हल्लीची सेल्फ-हेल्प रीत म्हणते, बघ, दोर सैल आहेत, पाय मोकळे आहेत, म्हणजे बंधन तुझ्या मनात आहे. ऐकायला भारी वाटतं.

स्त्रीवादी वाचन तिसराच प्रश्न विचारतं: हिला बांधलं कुणी? किल्ल्यात कोण राहतं? आणि पट्टी काढली तर ती जाईल कुठे?

समजा, इचलकरंजीच्या एका मुलीला पुण्यात नोकरी लागली आहे आणि घरचे म्हणतायत, "आधी लग्न, मग नवऱ्याने पाठवलं तर जा." तिला हा पत्ता आला. 'बंधन मनात आहे' हे तिला सांगणं म्हणजे सगळा दोष तिच्याच माथी मारणं. तिच्या उपयोगाचे प्रश्न वेगळे आहेत. नक्की कोण अडवतंय? पैसे कुणाच्या हातात आहेत? कागदपत्रं कुठे आहेत? बाजूने बोलेल अशी आत्या, मावशी, मैत्रीण कोण? पत्ता तोच. पण एका वाचनातून भीती मिळते, दुसऱ्यातून अपराधीपणा आणि तिसऱ्यातून कामांची यादी.

तलवारीची राणी आणि कावळा नाका

आता माझा आवडता पत्ता. तलवारीची राणी. सिंहासनावर बसलेली, हातात सरळ उभी तलवार, चेहरा कडक. वेटच्या पुस्तकात हिचा अर्थ काय दिलाय? वैधव्य, बाईचं दुःख, वियोग, वांझपण. म्हणजे एकटी, तलवारवाली बाई दिसली की लेखकाला पहिल्यांदा सुचलं ते तिचं दुःख!

कोल्हापूरच्या माणसाने हा पत्ता बघावा आणि मग कावळा नाक्यावर जावं. तिथे घोड्यावर, हातात तलवार घेतलेल्या ताराराणी आहेत. १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणींचं वय जेमतेम पंचवीस. वैधव्य होतंच. पण त्यानंतरची सात वर्षं, १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत, मराठ्यांच्या लढ्याची सूत्रं त्यांच्या हातात होती. कोल्हापूरची गादी त्यांच्यामुळे उभी राहिली. 'विधवा आणि तलवार' या दोन शब्दांचा अर्थ आपल्या गावात 'दुःख' असा होत नाही. राज्य चालवणारी बाई असा होतो.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ते मोटिव्हेशनल रील होईल. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्ता पालटली. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले, आणि ताराराणी व त्यांचे पुत्र कैदेत गेले. म्हणजे तलवारीची राणी तीच आणि तलवारी आठही तीच. तिची कैद 'मनातली' नव्हती, दगडी भिंतींची होती. आणि कैदेत टाकणाऱ्या गटात एक बाईच होती. म्हणून स्त्रीवादी वाचन म्हणजे 'बाई ग्रेट, पुरुष वाईट' एवढं सोपं नसतं. सत्ता कुणाकडे आहे हे बघणं, ते खरं काम.

गोल पत्ते

अमेरिकेत १९७० च्या दशकात स्त्रीमुक्ती चळवळीतल्या काही जणींनी ठरवलं की फक्त अर्थ बदलून भागणार नाही, चित्रंच नव्याने काढू. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये विकी नोबल आणि कॅरेन व्होगेल यांनी 'मदरपीस' नावाचा संच केला. त्यात राजा-राणी ही दरबारी उतरंड काढून टाकली. त्याजागी शमन, पुजारीण, मुलगा आणि मुलगी आले. दाढीवाल्या संन्याशाच्या जागी एक म्हातारी आली, जाणती. आणि पत्ते केले गोल. चौकोनी पत्ता एकतर सुलटा नाहीतर उलटा, शुभ नाहीतर अशुभ. गोल पत्ता थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे कललेला असू शकतो. आयुष्य तसंच असतं की.

या संचावर टीकाही झाली. आफ्रिकेतल्या आणि मूळ अमेरिकी समाजांच्या प्रतिमा गोऱ्या बायकांनी आपल्याला हव्या तशा उचलल्या, ही टीका रास्त आहे. पुढे कृष्णवर्णीय, अपंग, क्वीअर माणसांना मध्यभागी ठेवणारे संच आले, ते याच प्रश्नातून. चित्रात कोण आहे, आणि कोण नाही?

हाच प्रश्न आपल्या घरच्या गोल पत्त्यांना विचारू. हो, आपल्याकडेही गोल पत्ते आहेत. कोल्हापूरहून आजरा, आंबोली करत घाट उतरलं की सावंतवाडी. तिथली गंजिफा प्रसिद्ध आहे. ही भविष्याची नाही, शुद्ध खेळाची पानं. दशावतारी गंजिफात १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पानं. एक ते दहा आणि वर दोन माणसं, राजा आणि प्रधान. राणी? नाही. दहा दरबार आणि एकातही राणीला जागा नाही.

आणि ही कला वाचवली कुणी? ती जवळजवळ संपत आली होती तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारखाना सुरू केला. सत्वशीलादेवी स्वतः हातात ब्रश घेऊन बसायच्या. म्हणजे पानांवर राणी नाही, पण पानं टिकली त्यात राणीचा वाटा मोठा. पामेलाची आठवण झाली ना?

इंजिनिअरचे दोन शब्द

आता माझ्या धंद्याचं बोलतो. टॅरो ॲप आतून काय करतं? १ ते ७८ मधले तीन आकडे रँडम उचलतं आणि प्रत्येकासमोर आधीच लिहून ठेवलेला मजकूर दाखवतं. तीन पत्ते क्रमाने काढायचे ७८ × ७७ × ७६ म्हणजे ४,५६,४५६ प्रकार होतात. उलटे-सुलटे धरले तर आठपट, ३६,५१,६४८. म्हणून प्रत्येक वेळी नवीन वाटतं. पण तुमचा ब्रेकअप ॲपला माहीत नसतो.

मग ते इतकं 'माझंच' का वाटतं? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक वर्णन दिलं. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं! "तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून कधीकधी असुरक्षित वाटतं" छापाचं. कुणाला नाही वाटत?

आपल्या शहरात कॉम्रेड गोविंद पानसरे आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारायला शिकवत राहिले. १६ फेब्रुवारी २०१५ ला त्यांच्यावर इथेच गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्याच्या दीड वर्ष आधी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. त्यामुळे 'पुरावा काय?' हा प्रश्न कोल्हापुरात तरी हलका समजू नका.

वापरायचेच असतील तर

पत्ते घरात आणले म्हणून काही बिघडत नाही. चार गोष्टी पाळा.

एक. प्रश्न 'होईल का' असा विचारू नका. 'मी काय बघत नाहीये?' असा विचारा.

दोन. पुस्तकातला अर्थ नंतर. आधी दोन मिनिटं नुसतं चित्र बघा. कोण आहे, काय करतंय, कुणाकडे बघतंय. तुम्हाला जे पहिलं खटकलं ते वहीत लिहा. तिथून तुमचं स्वतःचं बोलणं सुरू होतं.

तीन. समोरचा म्हणाला "नड आहे, उतरवायला अमुक हजार लागतील", तर उठा आणि चालू लागा. भीती विकणारा माणूस पत्ते वाचत नसतो, तुमचं पाकीट वाचत असतो.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. काही प्रश्न पत्त्यांचे नसतातच. छातीत गाठ लागत असेल तर डॉक्टर. नोकरीतला पगार अडकला असेल तर वकील. आणि घरात मारहाण होत असेल तर 'तो बदलेल का' हे पत्त्यांना विचारत बसू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२. हे दोन नंबर आत्ताच सेव्ह करा.

पुढच्या एपिसोडपर्यंत एक गृहपाठ. तुम्हाला एक पत्ता नव्याने काढायला मिळाला, तर त्यावर कोण असेल? तुमची आजी, गल्लीतली पिठाची गिरणी चालवणारी काकू, की एसटीची कंडक्टर? तिच्या हातात काय असेल? व्हॉइस नोट पाठवा, चित्र काढून पाठवलंत तर नाद खुळा! भेटू पुढच्या आठवड्यात.