नाणेघाटातील आठ मूर्ती

तीर्थंकरांच्या मूर्तीत चेहऱ्याचे साम्य शोधायचे नसते. वृषभ दिसला की आदिनाथ, सिंह दिसला की महावीर. ओळख लांछनावरून पटते. व्यक्तिशिल्पाचा मार्ग निराळा. तेथे एका विशिष्ट माणसाची आठवण राखायची असते. आबूच्या लूणवसहीतील (इ. स. १२३१) हस्तिशाळेत वस्तुपाल व तेजपाल या मंत्री बंधूंच्या आणि त्यांच्या पत्नींच्या मूर्ती आहेत. कोरीवकाम अप्रतिम, पण चेहरे जवळजवळ एकाच साच्यातले. कोण कोण, हे कोरलेल्या नावांवरूनच उमगते.

अशा शिल्पांचे महाराष्ट्रातील फार प्राचीन दालन पाहायचे असेल, तर जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटात जावे. कोकणातील बंदरांचा माल या वाटेने घाटावर येई. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी परंपरा. (बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाचे पाय तेथे जरा अधिक रेंगाळतात.) जवळच्या लेण्यात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास, सातवाहन राजकुलातील आठ मूर्ती मागील भिंतीवर कोरल्या होत्या. आज पायांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. वर मात्र ब्राह्मी अक्षरे आहेत: राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. बाजूच्या भिंतींवरील दीर्घ लेखात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणे यांचा आकड्यांनिशी हिशोब आहे. भाय आणि त्रणकयिर यांच्यामधील मूर्तीचे नावही नष्ट झाले आहे. तेथे कोण उभे होते, हे आता सांगता येत नाही.

मथुरेच्या संग्रहालयातील कनिष्काच्या पुतळ्याला मस्तक नाही. अंगरख्यावरील लेखामुळे तो कनिष्क. उलट, रोमन शिल्पकार गालावरची सुरकुतीही सोडीत नसत, तरी जगभरच्या संग्रहालयांत कितीतरी रोमन चेहरे निनावी उभे आहेत.

आपल्या धर्मशाळा, वसतिगृहे, वाचनालये यांतही दात्यांचे अर्धपुतळे व तैलचित्रे आहेत. जयंतीला हार पडतो. पाटीवरील अक्षरे मात्र झिजत जातात. विश्वस्तांनी येत्या चातुर्मासात एक दिवस वही घेऊन बसावे आणि प्रत्येकाचे पूर्ण नाव, मूळ गाव, पेढी, देणगीचे वर्ष व कारण उतरवून घ्यावे. सांगू शकतील अशी वडीलधारी मंडळी अजून घरोघरी आहेत.