'तुम्ही'ला जपानी शब्द कोणता?

संगमनेरच्या बाजारात ओळखीचे म्हातारबाबा दिसले, की आपण विचारतो, "काय बाबा, कधी आलात?" यात 'तुम्ही' कुठंच नाही. तरी मान पोचला, तो 'आलात' या क्रियापदानं पोचवला.

जपानी क्रियापद मी, तुम्ही, ते यांप्रमाणे बदलत नाही. मी आलो, तुम्ही आलात, ते आले, साऱ्यांना 'किमाशिता' हे एकच रूप. कोण आलं ते प्रसंगावरून ओळखायचं. म्हणून सर्वनामं तिथं सर्रास गाळतात.

मराठी विद्यार्थी अडखळतो तो इथंच. कोशात 'तुम्ही'पुढे 'अनाता' सापडतो, आणि तो आपल्या शिक्षकांनाच 'अनाता' म्हणून बसतो! व्याकरण बिनचूक, पण ऐकणाऱ्याला ते उद्धट वाटतं. तिथं 'सेन्सेइ', म्हणजे गुरुजी, म्हणावं. इतरांच्या आडनावापुढे 'सान' लावावं. गंमत अशी, की बायको नवऱ्याला 'अनाता' म्हणते तेव्हा तो थेट आपल्या 'अहो'सारखा वाटतो.

'मी'चंही तसंच. 'वाताशी' सर्वांना चालतो. 'बोकु' बहुधा मुलगे आणि पुरुष वापरतात. 'ओरे' पुरुषांच्या दोस्तमंडळीत. नोकरीच्या मुलाखतीत 'ओरे' म्हणणारा उमेदवार हात हलवीतच परतायचा.

आपल्याकडे मात्र सर्वनाम गाळून सुटका नाही. घरच्या आजीला "कधी आलीस?" म्हणतो, त्यात माया असते. पण विड्या वळून आणणाऱ्या परक्या म्हातारीला विशीतल्या कारकुनानं तेच विचारलं, तर 'तू' न उच्चारताही तो तिला लागतो.