डाव्या हाताची फिल्म

‘डावा हात पालथा ठेव बेटा. बोटं फाकव. हालू नको बरं.’

नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या एक्स-रे खोलीत तंत्रज्ञ एका दहा वर्षांच्या मुलाला सांगत होता. मुलगा वर्गात सगळ्यात बुटका, म्हणून आई त्याला घेऊन आली होती. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. छातीच्या एक्स-रेला लागतात त्याहून कितीतरी कमी किरण या फिल्मला पुरतात. डावाच हात का? बहुतेक माणसं उजव्या हातानं काम करतात, त्यामुळे इजा, दुखापत, झीज त्या हाताला जास्त होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरमापन करणाऱ्यांनी डावी बाजू मोजायची असं ठरवलं आणि तीच रीत पुढे चालत आली.

त्या मुलाची फिल्म उजेडावर लावल्यावर मी बराच वेळ पाहत राहिलो. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या फिल्मवर बहुधा त्यातलं एकही दिसत नाही, कारण तेव्हा तिथे नुसती कूर्चा असते आणि किरण तिच्यातून आरपार जातात. पहिल्या काही महिन्यांत कॅपिटेट आणि हॅमेट ही दोन हाडं ज्वारीच्या दाण्याएवढी उमटतात. मग वर्षावर्षानं एकेकाची भर पडते. वाटाण्यासारखं पिसिफॉर्म सगळ्यात शेवटी, साधारण नऊ ते बाराव्या वर्षांदरम्यान दिसू लागतं. रेडियस या हाडाच्या टोकाशी टोपीसारखा एक तुकडा असतो आणि टोपी व हाड यांच्या मधे एक काळी रेघ. ती रेघ म्हणजे वाढीची चकती. उंची वाढते ती अशाच चकत्यांतून. रेघ पुसली गेली, टोपी हाडाला जुळली, की त्या हाडाची लांबी थांबली. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा साधारण दीड-दोन वर्षं आधी होतं.

या मुलाची हाडं आठ वर्षांच्या मुलासारखी दिसत होती. आईचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी तिला समजावलं, ‘ताई, दोन वर्षं मागे म्हणजे दोन वर्षांची वाढ अजून शिल्लक आहे.’ पण मागे का, हे शोधावंच लागतं. थायरॉइड कमी पडलं तर हाडं रेंगाळतात, आणि त्यावर गोळी आहे. आमच्या विदर्भात सिकलसेल हा आजार घरोघरी माहीत आहे. तो असलेल्या मुलांच्या हाडांची वाढही उशिरा पुरी होते. पोटभर न मिळालेल्या लेकराचंही तेच. उलट वयात लवकर येणाऱ्या मुलीची हाडं पुढे धावतात, ती आधी उंच होते आणि मग लवकर थांबते. तेव्हा ही फिल्म पाहून हाडं किती पिकली आहेत ते कळतं. जन्मतारीख त्यावर छापलेली नसते.

आणि तुलना कशाशी करायची? जगभर चालणारा ग्रॉइलिच आणि पाइल यांचा अ‍ॅटलास 1950 चा. त्यातल्या फिल्म अमेरिकेत क्लीव्हलंडच्या सुखवस्तू गोऱ्या घरांतल्या मुलांच्या, 1930-40 च्या दशकांतल्या. मेळघाटातल्या मुलीचा हात त्या पानाशेजारी धरायचा! आपल्याकडे गॅल्स्टॉन यांनी भारतीयांच्या हाडांचा अभ्यास 1937 साली प्रसिद्ध केला, त्याला आता नव्वद वर्षं होत आली. मेळघाट, गडचिरोली, नागपूर इथल्या मुलांचे आपले स्वतःचे अ‍ॅटलास असायला हवेत, असं मला कळकळीनं वाटतं.

टॅनर-व्हाइटहाउस पद्धत अधिक बारकाईची. तिच्यात एकेका हाडाला अक्षरश्रेणी द्यायची, तिचे गुण मिळवायचे आणि मग वय काढायचं. तिची तिसरी आवृत्ती 2001 ची. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी हीच वापरतं, त्यामुळे विदर्भाच्या संघात येऊ पाहणाऱ्या पोराला नेट्सइतकीच मनगटाचीही धाकधूक असते.

सगळ्यात जड प्रश्न घेऊन येतात ते पोलीस. नागपूरकर ज्यांना नुसतं ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ म्हणतो अशा सरकारी रुग्णालयांत वय ठरवायची माणसं आणली जातात. प्रश्न एकच: अठराच्या आत की बाहेर? अठराच्या आसपास मनगट बहुतेक जुळून गेलेलं असतं, मग कमरेचं हाड आणि गळपट्टीच्या हाडाचं आतलं टोक पाहतात. नीट उत्तर देणारा डॉक्टर एक आकडा देत नाही, ‘इतक्या ते इतक्या वर्षांच्या दरम्यान’ असं लिहितो. सर्वोच्च न्यायालयानंही 1982 मध्ये, जया माला प्रकरणात, दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरायला हवी असं नोंदवलं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात शाळेचा दाखला आधी, महापालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला नंतर, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

हा क्रम का असावा, ते नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात राहिलेल्या एका माणसाकडे पाहून कळतं. 1994 साली पुण्यात एका कुटुंबातल्या सात जणांची हत्या झाली. त्यात त्याला फाशीची शिक्षा झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. 2005 मध्ये त्याच्या वयाची वैद्यकीय तपासणी झाली. उत्तर आलं: बावीसपेक्षा जास्त, चाळीसपेक्षा कमी. इतक्या वर्षांनी, सगळी हाडं जुळून गेल्यावर, फिल्मकडे सांगण्यासारखं तेवढंच उरलं होतं. डॉक्टरांचा त्यात दोष नव्हता, प्रश्नच फार उशिरा विचारला गेला होता.

मग राजस्थानातल्या एका शाळेची नोंद पुढे आली. जन्म, 1 फेब्रुवारी 1982. गुन्ह्याच्या वेळी वय बारा वर्षं सहा महिने. 27 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती नोंद मान्य केली. अल्पवयीन गुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. त्यानं अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ काढला होता. त्याच महिन्यात तो नागपूरच्या तुरुंगाच्या दारातून बाहेर पडला.