भिंतीत लपलेले दार

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील सुतार. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली एका फ्लॅटमध्ये काम केले. दिवाणखान्यातून स्वयंपाकघराचे दार दिसू नये, अशी मालकांची इच्छा होती.

असे दार करणे सोपे नव्हे. त्याला चौकट दिसत नाही, कडी नाही, मूठ नाही. सबंध भिंतीला लाकडी फळ्या बसवतात. दोन फळ्यांमधल्या खाचेतच दाराची कड लपते. बिजागऱ्या आतल्या बाजूला. दाबले की आतला खटका सुटतो नि दार पुढे येते. सगळ्या खाचा सारख्या हव्यात. एखादी सूतभर रुंद झाली की गुपित फुटलेच. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगते, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

पुढे ग्रंथालयात वाचले, की ही युक्ती जुनीच. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात राणी मारी आंत्वानेतच्या शयनगृहात असे दार होते. ६ ऑक्टोबर १७८९ रोजी जमाव आत घुसला, तेव्हा ती त्यातूनच निसटली. एरवी युरोपातल्या बड्या घरांत अशा दारांनी नोकर ये-जा करीत, पाहुण्यांच्या नजरेस न पडता.

हे वाचताना फ्लॅटमधला शेवटचा दिवस आठवला. अचानक पाहुणे आले. "जरा आत थांबा," असे आम्हांला सांगण्यात आले. वडिलांनीच केलेल्या दारामागे आम्ही दोघे उभे राहिलो. बाहेर भिंतीचे कौतुक चालले होते. वडील हळूच म्हणाले, "खाच सरळ आलीय."

ते दार कुणी केले, हे तेव्हा कुणी विचारले नाही. म्हणून येथे लिहिले.