रोजा माफ, जबाबदारी नाही

रमजान सुरू झाला की वृद्धाश्रमांचे फोन जास्त वाजू लागतात. कुणाला एका संध्याकाळची इफ्तारी द्यायची असते, कुणाला फळे, कुणाला चादरी. देणाऱ्यांत मुस्लिम असतात, तसे शेजारचे हिंदू, जैन, ख्रिस्ती बांधवही असतात. ही परंपरा जपण्यासारखीच आहे. मात्र त्या महिन्यात खजूर आणि केळी गरजेपेक्षा जास्त जमतात आणि पहाटे तीन वाजता अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस बदलायला माणूस नसतो, असे चित्र राहिले तर दान पोहोचूनही सेवा पोहोचत नाही. वृद्धाश्रमाचा दर्जा इमारतीच्या रंगावरून कळत नाही. तो रात्रीच्या पाळीवरून कळतो.

थकलेल्या शरीराला सवलत

इस्लाममध्ये रोजा फर्ज आहे, पण ऐपत नसलेल्या शरीरावर तो लादलेला नाही. आजारी माणसाने आणि प्रवाशाने सुटलेले रोजे नंतर भरून काढावेत. वार्धक्यामुळे किंवा बरा न होणाऱ्या आजारामुळे ज्यांना पुढेही रोजा शक्य नाही, त्यांनी प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरजूला जेवू घालावे. यालाच फिदिया म्हणतात.

अडचण असते ती मनाची. ज्या नानींनी साठ वर्षे एकही रोजा सोडला नाही, त्यांना ‘आता तुम्हाला माफ आहे’ हे वाक्य दिलासा वाटत नाही. आपण उपयोगाचे उरलो नाही, असे वाटते. मग सकाळची गोळी उशीखाली जाते आणि रोजा गुपचूप सुरू राहतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असलेल्या माणसासाठी तेरा-चौदा तास पाण्याविना काढणे धोक्याचे ठरू शकते.

अशा वेळी सरसकट मनाई करणे सोपे आणि दुर्लक्ष करणे त्याहून सोपे. चांगली संस्था तिसरा मार्ग धरते. रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना बोलावून प्रत्येकाची तपासणी होते, गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा व मात्रा ठरतात. ज्यांना डॉक्टर परवानगी देतात, त्यांची साखर दिवसातून काही वेळा मोजली जाते. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमा सांगतात. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. हे आजीला मावशींनी सांगण्यापेक्षा मशिदीच्या इमामसाहेबांनी येऊन समजावले तर अधिक पटते.

ज्यांना रोजा जमत नाही, त्यांना रमजानपासून तोडायचे कारण नाही. वजूला कोमट पाणी, नमाजासाठी खुर्ची, भिंतीवर किब्ल्याची खूण, मगरिबच्या अजानला इतरांबरोबर दस्तरखानावर जागा, एवढ्यानेही महिना त्यांचा होतो. हाच नियम आषाढीला उपवासाची खिचडी मागणाऱ्या आजोबांना, संध्याकाळी हरिपाठ हवा असणाऱ्या आजींना आणि रविवारी प्रार्थनेला जाऊ पाहणाऱ्या ख्रिस्ती बाईंना लागू आहे. माणूस आश्रमात येतो तेव्हा आयुष्यभराच्या सवयी दाराबाहेर ठेवून येत नाही.

काय पाहावे?

नातेवाईक भेटीला जातात तेव्हा व्हरांडा पाहतात. पाहायचे असते न्हाणीघर. कमोडशेजारी पकडायला दांडी आहे का, फरशी घसरडी तर नाही, रात्री संडासच्या वाटेवर दिवा असतो का? म्हातारपणी एका पडण्याने मांडीचे हाड मोडते आणि चालता माणूस कायमचा झोपून राहतो.

जो झोपूनच आहे, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही की कंबर, टाचा, माकडहाड या जागी कातडी लाल होते, मग जखम चिघळते. अशा जखमा दुर्लक्षाची पहिली खूण असतात. औषधांची नोंदवही रोज भरली जाते का, दात नसलेल्यांना मऊ जेवण मिळते का, आंघोळ घालताना पडदा ओढला जातो का, बाईंना बाईच आंघोळ घालते का, हेही विचारायला हवे. आई-वडिलांशी कंटाळ्याचा साधा उद्गारही काढू नये, अशी कुरआनची शिकवण आहे. पगारी माणसाकडून तीच अपेक्षा ठेवायची तर त्याला प्रशिक्षण, पुरेसा पगार आणि सुट्टी द्यावी लागते. चाळीस जणांमागे एकच मावशी असेल तर तिचा आवाज चढणारच.

कायदा सर्वांसाठी

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा सर्व धर्मीयांना सारखाच लागू आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाह खर्च मागता येतो. ज्येष्ठांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचे एक तरी निवासस्थान असावे आणि तिथल्या सेवांचा दर्जा राज्य सरकारने ठरवावा, अशी तरतूदही त्यात आहे. खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांबाबतचे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. त्याचा कायदा झाला नाही. तक्रार किंवा मदतीसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे.

जकात कुठे, सदका कुठे?

रमजानमध्ये अनेक जण बचतीच्या अडीच टक्के जकात काढतात. तिचा एक नियम या विषयाशी थेट जोडलेला आहे: जकात स्वतःच्या आई-वडिलांना देता येत नाही. त्यांचा खर्च हे मुलांचे देणेच आहे, ते दानात मोजायचे नाही. आईची आश्रमाची फी भरून जकात दिल्याचे समाधान मानणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

दुसरा नियम हनफी फिकहाचा. जकातीची रक्कम गरजूच्या मालकीची व्हावी लागते. तिच्यातून इमारत बांधता येत नाही की नोकरांचे पगार देता येत नाहीत. म्हणजे रात्रपाळीच्या मावशींचा पगार जकातीतून निघणार नाही. तो ऐच्छिक सदक्यातून निघू शकतो, आणि सदका घेणाऱ्याचा धर्म विचारत नाही. पुण्याचे ‘निवारा’, म्हणजे मूळचे डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, एकोणिसाव्या शतकात एका ज्यू व्यापाऱ्याच्या दानातून उभे राहिले. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही.

एका संध्याकाळच्या इफ्तारीच्या खर्चात मोठ्यांचे डायपर, हवेची गादी, साखर मोजण्याच्या पट्ट्या येऊ शकतात. चार मित्रांनी मिळून एका रात्रसेविकेचा वर्षभराचा पगार उचलला तर उरलेले अकरा महिनेही रमजानशी जोडले जातील. ईदला शीरखुर्म्याचा डबा न्यावाच. निघताना, रात्री इथे कोण असते, एवढे विचारून यावे.